शाळेच्या सामायिक कॉम्प्युटरवर 'अलीकडे उघडलेल्या फाइल'ची यादी कशी लपवायची

आमच्या शाळेच्या कार्यालयात एक कॉम्प्युटर आहे. मुख्याध्यापक त्यावरच पत्रं लिहितात, भाऊसाहेब त्यावरच पगारबिलं करतात आणि आम्ही शिक्षक मधल्या सुट्टीत प्रश्नपत्रिका टाइप करतो. लॉगिन सगळ्यांचं एकच. पासवर्ड मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला आहे.

काही वर्षांपूर्वी एका सरांना कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी ती टाइप केली, पेन ड्राइव्हवर सेव्ह केली आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सर सहलीचं पालक-संमतीपत्र छापायला कार्यालयात आले. वर्ड उघडलं तर यादीत सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं आडनाव आणि त्यापुढे 'नोटीस'. क्लिक केल्यावर फाइल उघडली नाही, कारण पेन ड्राइव्ह तिथं नव्हता. पण उघडायची गरज कुठं होती? नोटीस त्यांच्या हातात पडायच्या आधी दोन दिवस शिक्षक कक्षात तिच्यावर चर्चा झाली.

तेव्हापासून कॉम्प्युटरमधलं जरा बरं कळतं म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पुढचं सगळं त्याच अनुभवातून लिहिलंय. उदाहरणं शाळेची असली तरी सोसायटीचं कार्यालय, वकिलांचं ऑफिस, दवाखान्याचा काउंटर, झेरॉक्सचं दुकान, सगळीकडे गणित हेच.

यादी म्हणजे नेमकं काय

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथंच होतो. 'रिसेंट'च्या यादीत फाइल नसते, फक्त फाइलचं नाव आणि ती कुठं ठेवलीय त्याचा पत्ता असतो. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. यादीतलं नाव काढलं तरी फाइल जागेवरच राहते, कामाचं काही हरवत नाही. उलट, फाइल डिलीट केली किंवा पेन ड्राइव्ह काढून नेला तरी वर्डच्या यादीत नाव तसंच बसून राहतं. मुख्याध्यापक इथंच फसले.

ही सोय जुनी आहे. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ च्या स्टार्ट मेनूतही 'डॉक्युमेंट्स' नावाची १५ फाइलची यादी होती. एका घरात एक कॉम्प्युटर आणि तो वापरणारा एक माणूस, असं धरून केलेली ती सोय होती. त्या माणसाला कालची फाइल पटकन सापडावी एवढाच हेतू. आपण त्याच खुर्चीवर दिवसातून आठ माणसं बसवतो, मग तीच सोय चहाडी करायला लागते.

आणि यादी एक नसते. वर्डची वेगळी, एक्सेलची वेगळी, विंडोजची वेगळी, पीडीएफ वाचायच्या प्रोग्रामची वेगळी, ब्राउझरची वेगळी. एक पुसली म्हणून बाकीच्या पुसल्या जात नाहीत. 'मी तर सगळं क्लिअर केलं होतं' असं म्हणणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा यातली एकच क्लिअर केलेली असते.

सुरू करण्याआधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: हा कॉम्प्युटर कोणाचा? शाळेचा, कंपनीचा किंवा सरकारी कार्यालयाचा असेल तर सेटिंग बदलण्याआधी मुख्याध्यापकांना किंवा जो कोणी कॉम्प्युटर सांभाळतो त्याला तोंडी का होईना विचारा. मोठ्या कंपन्यांत सेटिंगच्या पानावर वरच्या बाजूला, काही गोष्टी तुमची संस्था सांभाळते अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते आणि बटणं फिकट असतात. तिथं खटपट करू नका, आयटीवाल्यांना सांगा. आणि एखाद्या प्रकरणाची चौकशी चालू असताना तर यादीला हातच लावू नका. फाइलवरची तारीख, सर्व्हरवरच्या नोंदी, बॅकअप हे सगळं जिथल्या तिथं राहतं, तुम्ही काहीतरी पुसायला गेलात एवढंच उठून दिसतं.

दुसरा प्रश्न: लॉगिन एकच आहे की प्रत्येकाचं वेगळं? कारण खाली दिलेल्या जवळपास सगळ्या सेटिंग त्या त्या लॉगिनपुरत्या असतात. लॉगिन सामायिक असेल तर तुम्ही यादी बंद केलीत की ती सगळ्यांची बंद होते. आमच्याकडे मी पहिल्यांदा यादी बंद केली तेव्हा भाऊसाहेब अर्धा तास पगारबिलाची एक्सेल फाइल शोधत होते. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, पाच वर्षं ते ती यादीतूनच उघडत आले होते. 'सर, माझं बिल उडवलंत तुम्ही,' हे ते अजून ऐकवतात.

तेव्हा आधी प्रत्येकाच्या नेहमीच्या फाइल कुठं आहेत ते बघून त्यांचे शॉर्टकट करून द्या. फाइलवर राइट क्लिक, 'सेंड टू', मग 'डेस्कटॉप'. विंडोज ११ मध्ये 'सेंड टू' दिसायला आधी 'शो मोअर ऑप्शन्स'वर क्लिक करावं लागतं. एवढं झालं की पुढं निघा.

घाई असेल तर: एकच नाव काढणं

समजा तुम्ही आत्ताच सहामाहीची प्रश्नपत्रिका छापली आणि दारात पुढचा माणूस उभा आहे. सगळी सेटिंग बदलायला वेळ नाही. वर्डमध्ये 'फाइल'वर जा, 'ओपन', मग 'रिसेंट'. आपल्या फाइलच्या नावावर राइट क्लिक करा आणि 'रिमूव्ह फ्रॉम लिस्ट' निवडा. नाव गेलं.

पण खाली टास्कबारवर वर्डचं चिन्ह असेल तर त्यावरही राइट क्लिक करून बघा. वर एक छोटी यादी उघडते, तिला जंप लिस्ट म्हणतात. २००९ साली विंडोज ७ बरोबर ती आली आणि आजही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तिथंही तेच नाव दिसलं तर त्यावर राइट क्लिक करून 'रिमूव्ह फ्रॉम धिस लिस्ट'. मग विंडोज बटण आणि ई एकत्र दाबून फाइल एक्सप्लोरर उघडा. समोरच दिसणाऱ्या अलीकडच्या फाइलमध्ये नाव असेल तर राइट क्लिक करून 'रिमूव्ह फ्रॉम'ने सुरू होणारा पर्याय घ्या. 'डिलीट' घेऊ नका! यादीतून नाव काढायच्या घाईत फाइलच उडवणारे मी दोघे पाहिलेत. तिथं डिलीट म्हणजे खरोखरची फाइल रिसायकल बिनमध्ये जाते.

तीन ठिकाणं, एक मिनिट. रोज हे करायचं लक्षात राहत नाही, म्हणून आता कायमचा उपाय.

वर्ड आणि एक्सेलची यादी बंद करणं

जास्तीत जास्त गडबड होते ती इथं, कारण वर्ड उघडल्या उघडल्या पहिल्याच पानावर यादी समोर येते. कॉम्प्युटर प्रोजेक्टरला जोडलेला असेल तर ती अख्ख्या वर्गाला दिसते.

१. वर्ड उघडा, 'फाइल', 'ओपन', 'रिसेंट'.

२. यादीतल्या कुठल्याही नावावर राइट क्लिक करून 'क्लिअर अनपिन्ड आयटम्स' निवडा आणि खात्री विचारली की 'येस' म्हणा. ज्या नावांपुढे टाचणीचं चिन्ह लावलेलं असेल ती तशीच राहतील. त्यातली तुमची असतील तर टाचणी काढून मग पुन्हा क्लिअर करा. दुसऱ्याची टाचणी काढू नका, त्याने ती मुद्दाम लावलेली असते.

३. आता 'फाइल'मध्येच सगळ्यात खाली 'ऑप्शन्स', त्यात डावीकडे 'ॲडव्हान्स्ड'.

४. पान बरंच लांब असतं, खाली सरकत 'डिस्प्ले' या मथळ्यापाशी या. तिथली पहिली ओळ 'शो धिस नंबर ऑफ रिसेंट डॉक्युमेंट्स' अशी असते. समोरच्या चौकोनातला आकडा काढून ० लिहा.

५. त्याच भागात 'रिसेंट फोल्डर्स'ची ओळ असते, तिथंही ०. ही ओळ सगळे विसरतात. फाइलचं नाव गेलं पण 'गोपनीय दहावी' नावाचं फोल्डर यादीत राहिलं तर काय मिळवलं?

६. 'क्विकली ॲक्सेस' ने सुरू होणाऱ्या ओळीसमोर बरोबरची खूण असेल तर ती काढा. मग 'ओके'.

वर्ड बंद करून पुन्हा उघडा आणि बघा. मग हेच एक्सेलमध्ये आणि पॉवरपॉइंटमध्ये करा. तिथं 'डॉक्युमेंट्स'च्या जागी अनुक्रमे 'वर्कबुक्स' आणि 'प्रेझेंटेशन्स' असतं, बाकी वाट तीच. वर्डमध्ये केलं म्हणून एक्सेलला कळत नाही.

एक खास भानगड. वर्डच्या खिडकीत वर उजव्या कोपऱ्यात कोणाचं नाव किंवा फोटो दिसतो का बघा. कोणी तरी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून ठेवलेलं असेल, तर त्या माणसाने वनड्राइव्हवरून (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल ठेवायची जागा) घरच्या लॅपटॉपवर उघडलेल्या फाइलची नावंही शाळेतल्या यादीत येऊ शकतात. 'फाइल', 'अकाउंट', 'साइन आउट'. खातं तुमचं नसेल तर आधी त्या माणसाला सांगा. आमच्याकडे एका मॅडमच्या नावानं वर्षभर लॉगिन होतं आणि घरच्या कागदपत्रांची नावं शिक्षक कक्षातले सगळे वाचत होते. त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

विंडोजची स्वतःची यादी

स्टार्ट मेनू, जंप लिस्ट आणि फाइल एक्सप्लोरर या तिघांचा मुख्य खटका एकच आहे. विंडोज बटण आणि आय एकत्र दाबा, 'सेटिंग्ज' उघडेल. 'पर्सनलायझेशन', मग 'स्टार्ट'. तिथल्या बटणांपैकी एकाचं नाव बरंच लांबलचक असतं. शब्द आवृत्तीनुसार बदलतात, पण त्यात 'जंप लिस्ट्स' हे शब्द हमखास सापडतात. ते बटण बंद करा. बंद करताच साठलेली यादीही जाते.

मग फाइल एक्सप्लोरर. विंडोज ११ असेल तर वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स', विंडोज १० असेल तर 'व्ह्यू' टॅबच्या उजव्या टोकाला 'ऑप्शन्स'. छोटी खिडकी उघडते. 'जनरल' या पहिल्याच पानावर खाली 'प्रायव्हसी' असा चौकोन आहे. अलीकडच्या फाइल आणि वारंवार वापरलेली फोल्डर दाखवायच्या ओळींपुढच्या खुणा काढा, 'क्लिअर' बटण दाबा, 'ओके'. क्लिअर दाबल्यावर 'झालं' असा कुठलाही निरोप येत नाही. लोक चारचार वेळा दाबत बसतात. एकदा पुरे.

त्याच पानावर वरच्या बाजूला 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' असं लिहिलेलं असतं. तिथं 'धिस पीसी' निवडून ठेवा. मग एक्सप्लोरर उघडल्यावर थेट ड्राइव्ह दिसतात. सामायिक कॉम्प्युटरवर मला हेच बरं वाटतं.

खात्री करायची असेल तर विंडोज बटण आणि आर दाबा. येणाऱ्या छोट्या चौकोनात इंग्रजीत शेल, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून रिसेंट असं टाइप करून एंटर मारा. विंडोज ज्या फोल्डरात या नोंदी ठेवतं तेच उघडतं. आत दिसतात ते सगळे शॉर्टकट, खऱ्या फाइल नव्हेत, तेव्हा इथले शॉर्टकट डिलीट केले तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. मी महिन्यातून एकदा इथं डोकावतो. फोल्डर रिकामं असेल तर कोणी बटण पुन्हा चालू केलेलं नाही एवढं कळतं.

पीडीएफ, व्हिडिओ आणि उबुंटू

ॲक्रोबॅट रीडर असेल तर त्याच्या 'होम' पानावर 'रिसेंट'मध्ये 'क्लिअर रिसेंट' आहे. बऱ्याच कॉम्प्युटरवर मात्र पीडीएफ एज किंवा क्रोममध्येच उघडते आणि मग तिचं नाव ब्राउझरच्या हिस्टरीत जाऊन बसतं. फाइल इंटरनेटवरची नसून डेस्कटॉपवरची असली तरीही.

व्हिडिओ बघायच्या व्हीएलसी प्रोग्राममध्ये 'टूल्स', 'प्रेफरन्सेस', 'इंटरफेस'मध्ये अलीकडे वाजवलेल्या गोष्टी लक्षात ठेवायची खूण काढून टाका.

काही शाळांच्या संगणक कक्षात विंडोजऐवजी उबुंटू आहे. तिथं 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी'खाली 'फाइल हिस्टरी अँड ट्रॅश' असतं. हिस्टरी बंद करा, साठलेली पुसा. लिबरऑफिसची (वर्ड-एक्सेलसारखे फुकट प्रोग्राम) यादी मात्र वेगळी: 'फाइल', 'रिसेंट डॉक्युमेंट्स', त्याच्या तळाशी 'क्लिअर लिस्ट'.

ब्राउझर आणि व्हॉट्सॲप

हल्ली निम्म्या फाइल व्हॉट्सॲप वेबवरून येतात. पालक आधार कार्डाचा फोटो पाठवतात, तो 'डाउनलोड्स'मध्ये पडतो आणि तिथंच राहतो. आमच्या 'डाउनलोड्स'मध्ये एकदा मोजली तर विद्यार्थ्यांची आणि पालकांची मिळून दोनशेच्या वर कागदपत्रं निघाली: दाखले, बँकेची पासबुकं, जातीची प्रमाणपत्रं. 'रिसेंट'ची यादी लपवायला निघालेल्या माणसाने आधी हे फोल्डर उघडावं. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीची वेगळी काळजी घ्यायला सांगितलंय. कायदा नसता तरी एखाद्या मुलीचा जातीचा दाखला उघड्यावर पडू नये हे आपल्याला कळतंच. लागणाऱ्या फाइल योग्य फोल्डरमध्ये हलवा, बाकीच्या शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून काढा. त्याने फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जाते, म्हणून दाबायच्या आधी नाव दोनदा वाचा.

सामायिक कॉम्प्युटरवर ब्राउझर वापरायचा तर क्रोममध्ये उजवीकडे वरच्या गोल चिन्हावर क्लिक करून गेस्टची खिडकी उघडा. काम झाल्यावर ती बंद केली की हिस्टरी आणि लॉगिन दोन्ही जातात. डाउनलोड केलेल्या फाइल मात्र कॉम्प्युटरवर राहतात. गेस्ट असो की इनकॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी खाजगी खिडकी), ते पाहिलेली पानं विसरतात, उतरवलेल्या फाइल उचलून नेत नाहीत.

व्हॉट्सॲप वेब चालू ठेवून घरी गेलात आणि आठवण एसटीत झाली तर मोबाइलवरच व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन शाळेच्या कॉम्प्युटरवरून लॉग आउट करता येतं. परत यायची गरज नाही.

आणखी एक चोरवाट म्हणजे क्लिपबोर्ड. विंडोज बटण आणि व्ही दाबून बघा. क्लिपबोर्डची हिस्टरी चालू असेल तर शेवटच्या २५ पर्यंत कॉपी केलेल्या गोष्टी समोर येतात, त्यात कोणाचा पासवर्डही असू शकतो. तिथंच 'क्लिअर ऑल' आहे. कायमची बंद करायची तर 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'क्लिपबोर्ड'.

लाईट गेल्यावर

हा भाग मला कुठल्याच सूचनांमध्ये सापडला नव्हता, पण आपल्याकडे तो सगळ्यात जास्त लागतो. तुम्ही प्रश्नपत्रिका टाइप करताय, लाईट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली आहे, कॉम्प्युटर बंद पडतो. तुम्ही तासाला निघून जाता. लाईट आल्यावर दुसरं कोणी येऊन वर्ड उघडतं आणि डाव्या बाजूला 'डॉक्युमेंट रिकव्हरी' नावाची पट्टी येते. तिच्यात तुमची अर्धवट प्रश्नपत्रिका असते. नुसतं नाव नव्हे, क्लिक केली की अख्खा मजकूर. वर्ड दर १० मिनिटांनी अशी प्रत ठेवतं आणि रिसेंटची यादी ० केली असली तरी ही पट्टी येतेच.

म्हणून लाईट गेली तर ती आल्यावर आधी तुम्हीच येऊन वर्ड उघडा. पट्टीतली आपली फाइल उघडून योग्य जागी सेव्ह करा. मग पट्टी बंद करताना वर्ड विचारतं की या फाइल नंतर बघायच्या आहेत की काढून टाकायच्या. 'नो'ने सुरू होणारा, काढून टाकायचा पर्याय घ्या. पट्टीत दुसऱ्याचीही फाइल असेल तर मात्र नंतर बघायचा पर्याय घेऊन त्याला हाक मारा.

आता खरा उपाय: प्रत्येकाचं वेगळं लॉगिन

वरचं सगळं म्हणजे गळक्या छपराखाली बादल्या ठेवणं आहे. यादी गेली तरी फाइल 'डॉक्युमेंट्स'मध्ये आहे. कोणीही ते फोल्डर उघडून तारखेप्रमाणे लावलं की काल तुम्ही काय लिहिलं ते सगळ्यात वर येतं. यादी लपवल्याने सहज जाणाऱ्या नजरेला नाव दिसत नाही, मुद्दाम शोधणाऱ्याला काही फरक पडत नाही.

विंडोजमध्ये वेगळी खाती फुकट आहेत, होम आवृत्तीतही. ॲडमिनच्या, म्हणजे सगळी सेटिंग बदलायची मुभा असलेल्या, लॉगिनमधून असं करा:

१. 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', मग 'अदर यूझर्स'. विंडोज १० मध्ये त्याचं नाव 'फॅमिली अँड अदर यूझर्स' आहे.

२. नवं खातं जोडायचं बटण दाबा. विंडोज ईमेल मागतं. देऊ नका. त्याखाली बारीक अक्षरात, या माणसाची माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, तिच्यावर क्लिक करा. पुढच्या पानावर 'ॲड अ यूझर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'.

३. नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड ज्याचा त्यानं स्वतः टाकावा, तुम्ही तेवढ्यापुरतं तोंड फिरवा. खालचे तीन सुरक्षाप्रश्न त्यानेच भरावेत.

४. खातं 'स्टँडर्ड'च राहू द्या. 'ॲडमिनिस्ट्रेटर' करू नका. स्टँडर्ड खात्यातून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो.

आता प्रत्येकाची यादी, डेस्कटॉप, 'डाउनलोड्स', ब्राउझर, रिसायकल बिन सगळं वेगळं. यादी बंद करायचीही गरज नाही, ती पुन्हा सोय होते. ज्याच्या हातात ॲडमिनचं लॉगिन आहे त्याला मात्र सगळं उघडता येतं, म्हणून तो माणूस एकच असावा आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत असावं. सर्वांना लागणाऱ्या फाइल, म्हणजे वेळापत्रक, रजेचा अर्ज, कोरा बोनाफाइड, या सी ड्राइव्हमधल्या 'यूझर्स'खालच्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवा. ते सगळ्या खात्यांना दिसतं.

जुन्या सवयीमुळे अडचण येते ती एकच: लोक आपलं खातं उघडं टाकून उठतात. उठताना विंडोज बटण आणि एल, एवढंच शिकवा. स्क्रीनला कुलूप लागतं, उघडलेलं काम तसंच राहतं आणि दुसरा माणूस खालच्या कोपऱ्यातलं आपलं नाव निवडून आत जातो. आमच्याकडे ही सवय लागायला अख्खं सत्र गेलं. शेवटी शिपाईमामांनी ते काम अंगावर घेतलं. खुर्ची रिकामी आणि स्क्रीन उघडी दिसली की ते येता-जाता दोन कळा दाबतात.

वेगळं खातं मिळतच नसेल तर

कधी कधी वरिष्ठ नाहीच म्हणतात. मग गोपनीय फाइलला पासवर्ड लावा: वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. विसरलात तर वर्ड तो परत देत नाही, कोणी ओळखीचा मुलगाही काढून देणार नाही, तेव्हा घरच्या वहीत लिहून ठेवा.

पण पासवर्डने मजकूर झाकला जातो, नाव नाही. म्हणून फाइलला नाव देतानाच विचार करा. त्या नोटिशीच्या फाइलला 'पत्र १४' असं नाव असतं तर त्या सरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आमचे मुख्याध्यापक आता जावक क्रमांकच फाइलचं नाव म्हणून देतात आणि कोणता क्रमांक कशाचा हे जावक रजिस्टरमध्ये असतं, ते रजिस्टर कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. प्रश्नपत्रिकांसाठी आम्ही वेगळा पेन ड्राइव्ह ठेवलाय आणि फाइलची नावं भाज्यांची. यंदाच्या नववीच्या भूमितीचं नाव काय होतं ते परीक्षा होऊन गेली तरी इथं सांगत नाही, पुढच्या वर्षीही तेच वापरायचंय.